मुंबईत बेस्टने फिरायचे तर: नंबर, पाटी, रांग आणि सुट्टे पैसे

मुंबईची लांबी लोकलने कापावी आणि रुंदी बसने, म्हणजे बेस्टच्या गाडीने. नव्याने आलेल्या माणसाला एवढे कळले तरी त्याचे निम्मे हाल वाचतात. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही रेल्वे मुख्यतः दक्षिणोत्तर धावतात. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून सीएसएमटीला बसने जायचा हट्ट सकाळी नऊ वाजता धरला, तर दुपारचे जेवण वाटेतच. पण कुर्ल्याहून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), सांताक्रूझहून जुहू, मालाडहून मढ, अंधेरीहून मरोळ अशी आडवी अंतरे किंवा स्टेशनपासून घरापर्यंतचे शेवटचे तीन-चार किलोमीटर ही बसची हक्काची जागा. आडवी जाणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ पासून आहे, पण ती एका रेषेवर. त्या रेषेपासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्याला बस लागतेच.

आणखी एक ठिकाण बसचेच: दक्षिण मुंबई. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला शहरात रिक्षा नाहीत. तिथे टॅक्सी, बस किंवा पाय. सीएसएमटीला उतरून नरिमन पॉइंट, कुलाबा किंवा बॅलार्ड पिअरला जाणारे हजारो नोकरदार वर्षानुवर्षे बसच्याच रांगेत उभे राहत आले आहेत.

आता पायऱ्या. पहिल्या दोन घरी बसून करायच्या आहेत आणि लोक नेमक्या त्याच गाळतात.

नंबरचे घराणे ओळखा

बेस्टचे नंबर अंदाजपंचे दिलेले नाहीत. ढोबळमानाने १ ते १९९ शहरातले, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे आणि तिथून उपनगरात जाणारे. दोनशेची मालिका पश्चिम उपनगरांची. तीनशेची कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, चेंबूर या पूर्वेकडच्या उपनगरांची. चारशेची पूर्व-पश्चिम जोडणारी. पाचशेच्या गाड्या नवी मुंबईला जातात, सहाशेच्या बहुतेक लहान पल्ल्याच्या, स्टेशन ते वस्ती अशा. सातशेची मालिका मीरा-भाईंदरच्या बाजूची. अपवाद आहेत, पण हा ठोकताळा हाताशी असला की अनोळखी थांब्यावरच्या नंबरांच्या गर्दीत आपल्या दिशेचे चार नंबर पटकन वेगळे काढता येतात. पवईत उभे राहून अंधेरीला जायचे असेल तर नजर तीनशे-चारशेच्या गाड्यांवर ठेवायची, पाचशेच्या गाडीमागे धावायचे नाही.

नंबराच्या आधी ‘ए’ असेल तर गाडी वातानुकूलित. नंबरानंतर ‘मर्यादित’ किंवा ‘मर्या.’ असेल तर ती लिमिटेड, म्हणजे मोजक्याच थांब्यांवर थांबणारी. लिमिटेड लांबच्या माणसाला वरदान असते, पण मधल्या छोट्या थांब्यावर उतरायचे असेल तर चढण्याआधीच विचारा. नाहीतर आपला थांबा खिडकीतून मागे जाताना बघावा लागतो आणि पुढच्या थांब्यावरून उलट चालावे लागते.

एका नंबरवर जीव लावू नका. मुंबईतले बसमार्ग काही मोठ्या रस्त्यांवर गोळा झालेले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड (शीव, दादर टीटी, परळ, लालबाग, भायखळा), एस. व्ही. रोड, एलबीएस मार्ग (शीवपासून कुर्ला, घाटकोपर, भांडुपवरून मुलुंड), जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि दोन्ही द्रुतगती महामार्ग. आपले ठिकाण यांपैकी कोणत्या रस्त्याला लागून आहे ते आधी बघा. लालबागला जायचे असेल तर दादर टीटीवरून ‘लालबागची बस’ शोधण्याची गरज नाही, आंबेडकर रोडने सरळ दक्षिणेला जाणारी कोणतीही चालते. जो माणूस एकाच नंबरची वाट बघतो तो अर्धा तास उभा राहतो. जो रस्ता ओळखतो तो पाच मिनिटांत निघतो. मुंबईकर आणि पाहुणा यांच्यातला फरक थांब्यावर इथेच कळतो.

पाटीवरची नावे: खरी अडचण इथे आहे

बेस्टच्या पाट्या मराठीत असतात ही आपली मोठी सोय. पण पाटीवर लिहिलेले नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव पुष्कळदा वेगळे असते. अंधेरी स्टेशन पूर्वेची गाडी हवी म्हणून कोणी ‘अंधेरी’ शब्द शोधत बसतो आणि समोरून ‘आगरकर चौक’ लिहिलेल्या गाड्या निघून जातात. आगरकर चौक म्हणजेच अंधेरी स्टेशनची पूर्व बाजू. अशी काही नावे पाठच करून ठेवा.

राणी लक्ष्मीबाई चौक म्हणजे शीव, लोकांचे सायन. अहिल्याबाई होळकर चौक म्हणजे चर्चगेट. महात्मा फुले मंडई म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. हुतात्मा चौक म्हणजे जुने फ्लोरा फाउंटन. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौक म्हणजे म्युझियम, रीगल सिनेमाजवळ. पंडित पलुसकर चौक म्हणजे ऑपेरा हाउस. संत गाडगे महाराज चौक म्हणजे सात रस्ता, जुन्यांचे जेकब सर्कल. वसंतराव नाईक चौक म्हणजे ताडदेव. वीर कोतवाल उद्यान म्हणजे दादर पश्चिमेचा प्लाझा. महेश्वरी उद्यान म्हणजे किंग्ज सर्कल. आणि खोदादाद सर्कल म्हणजे दादर टीटी. हे टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर धावली, पण टॅक्सीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे अजून टीटीच म्हणतात. कंडक्टरला मात्र कोणतेही नाव सांगितले तरी कळते, तेव्हा पाटी वाचायला चौकाचे नाव आणि विचारायला लोकांचे नाव.

पूर्व आणि पश्चिम यांत गफलत करू नका. पाटीवर (पू.) आणि (प.) असे लिहिलेले असते. कुर्ला, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या स्टेशनांच्या दोन बाजू म्हणजे जवळजवळ दोन गावे. चुकीच्या बाजूला उतरलात तर पादचारी पूल चढून-उतरून, फेरीवाल्यांतून वाट काढत पलीकडे जायला सहज पंधरा मिनिटे जातात. कोणी पत्ता दिला की पहिला प्रश्न हाच: ईस्ट की वेस्ट?

नंबर पुढच्या पाटीवर मराठी आकड्यांतही येतो. विजेच्या पाटीवर अक्षरे सरकत असतात, आधी मराठी मग इंग्रजी. संध्याकाळच्या उजेडात लांबून मराठी १ आणि ९ सारखे दिसतात, ५ आणि ६ सुद्धा. म्हणून नंबर आणि शेवटचे ठिकाण दोन्ही वाचा. एकच नंबर दोन्ही दिशांना धावतो. ठिकाण न वाचता चढलेला माणूस उलट्या दिशेने डेपोत जाऊन पोचतो.

मोबाइलवर काय बघायचे

बेस्टच्या गाड्या नकाशावर कुठे आहेत ते सध्या ‘चलो’ अ‍ॅपवर दिसते. थांब्याचे नाव टाका, तिथे येणाऱ्या गाड्यांची यादी येते. त्यात एक बारकावा आहे. काही वेळा दिसणारी वेळ धावत्या गाडीच्या जागेवरून काढलेली असते, काही वेळा नुसती वेळापत्रकातली. नकाशावर गाडी प्रत्यक्ष सरकताना दिसत असेल तरच त्या वेळेवर विश्वास टाका. नुसता आकडा असेल तर तो शुभेच्छा समजा.

अ‍ॅप सांगते ‘सहा मिनिटे’. ही सहा मिनिटे कोणत्या रस्त्यावरची, ते आपण जोडायचे. गाडी पलीकडच्या सिग्नलच्या अलीकडे असेल आणि तो सिग्नल हिंदमाताचा किंवा साकीनाक्याचा असेल तर सहाची पंधरा धरा. उलट रविवारी सकाळी सहाची चारही होतात, तेव्हा चहा संपवत बसू नका.

नंबर आणि मार्ग अधूनमधून बदलतात, छोटे होतात, बंदही होतात. दशकभरापूर्वी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक गाड्या होत्या, आता तो आकडा तीन हजारांच्या खाली आहे आणि रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या कंत्राटदारांच्या भाड्याच्या. दोन वर्षांपूर्वीच्या माहितीवर कोणी ‘अमुक नंबर दर दहा मिनिटांनी आहे’ म्हणाले तर मान डोलवा आणि अ‍ॅप उघडा.

रेल्वेवरच्या पुलांकडेही लक्ष ठेवा. पूर्व-पश्चिम बस पुलावरूनच जाणार, आणि पूल बंद झाला की अख्खा मार्ग वळतो. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. शीवचा रेल्वे पूल ऑगस्ट २०२४ पासून पाडून नव्याने बांधण्यासाठी बंद झाला, प्रभादेवीचा सप्टेंबर २०२५ मध्ये. अशा काळात ओळखीचा नंबरही अनोळखी रस्त्याने नेतो. चढताना ‘पुलावरून जाते ना?’ असे विचारायला लाजू नका.

थांब्यावर

थांब्याच्या खांबावर नंबर लिहिलेले असतात. त्यात आपला नंबर नसेल तर तिथे ती गाडी थांबणार नाही, भले ती त्याच रस्त्याने जात असो. मोठ्या चौकात एकाच नावाचे दोन-तीन थांबे शंभर-दीडशे मीटरच्या अंतराने असतात आणि नंबर त्यांच्यात वाटलेले असतात. येताना जिथे उतरलात त्याच्या बरोबर समोर परतीचा थांबा असेलच असे नाही. एकेरी रस्ता असेल तर परतीची गाडी बाजूच्या रस्त्याने येते.

जिथून गाडी सुटते तिथे रांग असते, आणि ती रांग मुंबईकर पाळतो. मध्ये घुसलात तर कोणी मारामारी करणार नाही, पण मागून ‘ओ साहेब, लाइन आहे’ इतक्या शांतपणे ऐकू येईल की आपणच मागे जाल. गाडी भरत आली की रांगेतले काही जण बाजूला होतात. त्यांना बसून जायचे असते, म्हणून ते पुढची गाडी धरणार असतात. उभ्याने जायची तयारी असेल तर अशा वेळी मागचा माणूस पुढे जाऊ शकतो. जायच्या आधी ‘तुम्ही थांबताय ना?’ एवढे विचारले की झाले.

मधल्या थांब्यावर रांग मोडते आणि तिथे वेगळे शास्त्र लागते. गाडी दिसली की हात दाखवा, अगदी स्पष्ट. थांब्यावर उभे आहात एवढ्याने ड्रायव्हर थांबेलच असे नाही, कारण त्याच खांबावर दहा नंबर आहेत. पुढे एक गाडी उभी असेल तर मागची तिच्याही मागे थांबते, किंवा तिला वळसा घालून पुढे जाऊन थांबते. म्हणून नजर पहिल्या गाडीवर नाही, मागून येणाऱ्या तिसऱ्या गाडीच्या पाटीवर ठेवावी. दादर टीटीला संध्याकाळी सहाला उभे राहून बघा: अनुभवी बाया पिशवी खांद्यावर टाकून, माना वाकड्या करून तिसरी गाडी वाचत असतात आणि ती थांबायच्या आधीच बरोबर दारापाशी पोचलेल्या असतात.

दार कोणते? गाडीप्रमाणे बदलते. बहुतेक दारांवर ‘चढण्यासाठी’, ‘उतरण्यासाठी’ लिहिलेले असते. लहान मिडी गाड्यांत पुष्कळदा एकाच दाराने सगळा कारभार. तिथे उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या.

तिकीट

९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे दुप्पट झाले. पहिल्या पाच किलोमीटरला साध्या गाडीत १० रुपये, एसीत १२ रुपये. दहा किलोमीटरपर्यंत साध्याचे १५, एसीचे २०. पुढे टप्प्याटप्प्याने वाढते. त्याआधी जुलै २०१९ पासून ५ आणि ६ रुपयांत प्रवास होत होता, म्हणून वाढ लागली खरी. तरी तीन किलोमीटरच्या रिक्षाशी तुलना केली तर अजूनही बस स्वस्तच. साध्या आणि एसीमध्ये जवळच्या अंतराला दोनच रुपयांचा फरक आहे, तेव्हा एप्रिल-मेच्या उकाड्यात साध्या गाडीसाठी एसी सोडून देण्यात काही शहाणपणा नाही.

रोख देणार असाल तर सुट्टे घेऊन चढा. सकाळच्या पहिल्या फेरीत पाचशेची नोट काढणे म्हणजे कंडक्टरच्या संयमाची परीक्षा. तो उरलेले पैसे तिकिटामागे लिहून ‘उतरताना घ्या’ म्हणेल, आणि उतरताना गर्दीत तो गाडीच्या दुसऱ्या टोकाला असेल. दहा-दहाच्या चार नोटा आणि दोन-दोन रुपयांची नाणी खिशात असली की ही कटकट उरत नाही. तिकीट मागताना ‘कुठून-कुठे’ आणि ‘किती’ एका दमात सांगा: ‘टीटी, दोन लालबाग.’ कंडक्टरला पूर्ण वाक्याची गरज नसते.

अ‍ॅपवरही तिकीट काढता येते, पण नुसते काढून भागत नाही; चढल्यावर ते कंडक्टरच्या मशीनवर तपासून घ्यावे लागते. मोबाइलची बॅटरी चार टक्के असताना या भानगडीत पडू नका. रोज जाणाऱ्याने कार्ड घ्यावे. मेट्रोतही चालणारे एनसीएमसी कार्ड बेस्टमध्ये चालते. काही मार्गांवर गाडीत कंडक्टर नसतो. थांब्यावर उभा असलेला कंडक्टर चढण्याआधी तिकीट देतो. म्हणून गणवेशातला माणूस खाली मशीन घेऊन उभा दिसला तर त्याला टाळून वर चढू नका, वर कोणी भेटणार नाही. पुढे तपासनीस मात्र भेटू शकतो.

पास घ्यावा का? एका दिवसाचा पास ७५ रुपयांचा आहे. पाच किलोमीटरच्या आतले एसीचे सहा प्रवास ७२ रुपयांत होतात, म्हणजे छोट्या अंतरांसाठी पास सातव्या प्रवासापासून वसूल होतो. पाच ते दहा किलोमीटरच्या टप्प्यात चार प्रवासांतच ८० रुपये होतात, तिथे पास लगेच परवडतो. पाहुण्यांना घेऊन दिवसभर भटकायचे असेल, बँका-कार्यालयांची कामे एका फेरीत उरकायची असतील, तर सकाळीच घेऊन टाका. महिन्याचा पास १८०० रुपये. महिन्याला पंचवीस कामाचे दिवस आणि रोज दोन वेळा २० रुपयांचा प्रवास धरला तर सुटी तिकिटे हजार रुपयांतच होतात, मग एवढा पास कशाला? तो रोज दोन-दोन गाड्या बदलणाऱ्यासाठी किंवा कामानेच शहरभर फिरणाऱ्यासाठी आहे. अ‍ॅपवर ठरावीक फेऱ्यांच्या सवलतीच्या योजना असतात. कमी फिरणाऱ्याने मासिक पासाआधी त्या बघाव्यात.

तिकीट उतरेपर्यंत फेकू नका. त्याचा दुसरा उपयोग शेवटी सांगतो.

आत शिरल्यावर

‘पुढे चला, पुढे चला, मधे जागा आहे’ हा बेस्टचा अखंड मंत्र. त्यात तथ्य असते. सगळे दारापाशी अडकतात आणि गाडीच्या पोटात दोन माणसांची जागा रिकामी राहते. सरका. पाठीवरची सॅक काढून पुढे, पोटावर घ्या. चोरीची भीती एक आणि मागच्याच्या तोंडावर आदळण्याची दुसरी.

महिलांसाठी, ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि अपंगांसाठी राखीव जागा खिडकीच्या वर लिहिलेल्या असतात. बसण्याआधी वर बघा. महिलांच्या जागेवर पुरुष बसला असेल तर बाई आली की उठायचे, वाद घालायचा नाही.

कुठे उभे राहायचे? उतरायचे दार कोणते ते ठरवून त्याच्या जवळ, पण बरोबर दारात नाही. मागच्या चाकावरच्या भागात खड्डा लागला की सगळ्यात जास्त उसळी बसते. कंबरदुखी असेल तर तिकडे जाऊ नका. दुपारी उत्तर-दक्षिण धावणाऱ्या गाडीत पश्चिमेच्या खिडकीत ऊन येते, म्हणून दक्षिणेकडे जाताना डावी बाजू, परतताना उजवी. हे दोनचार महिने रोज प्रवास केला की अंगात भिनतेच, पण आधी कळले तर बरे.

कंडक्टरच्या घंटीचे गणित सोपे: एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घंटी त्याची आहे, आपण वाजवायची नसते. नव्या गाड्यांत प्रवाशांसाठी ‘स्टॉप’चे बटण खांबाला असते, ते दाबा.

उतरणे ही पूर्वतयारीची गोष्ट

आपला थांबा आल्यावर उठलेला माणूस गर्दीच्या वेळी पुढच्या थांब्यावर उतरतो. एक थांबा आधी हालचाल सुरू करा. मुंबईची पद्धत अशी की पुढच्याच्या खांद्याला हात न लावता विचारायचे, ‘पुढे उतरणार?’ तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे थांबा, ‘नाही’ म्हणाला तर तो स्वतःच कड काढून वाट देतो. लोकलमधली ही सवय बसमध्येही तशीच चालते.

अनोळखी ठिकाणी जात असाल तर चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा. त्याच्या लक्षात राहील याची खात्री नाही. शेजारच्या आजींना सांगा, त्या विसरत नाहीत. गाडीत पुढच्या थांब्याची घोषणा होत असेल तर ऐका, पण ती कधीकधी एक थांबा मागे किंवा पुढे बोलते. नकाशा उघडा ठेवून निळा ठिपका बघणे सगळ्यात भरवशाचे.

थांब्यावर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाय खाली टाकू नका. सिग्नलला उभ्या गाडीतून उडी मारणाऱ्यांना बघून हुरूप येतो. पण डाव्या बाजूने, गाडी आणि फुटपाथ यांच्या फटीतून मोटरसायकली येत असतात. उतरण्याआधी मागे एक नजर.

एक प्रवास जोडून बघू: कुर्ल्याहून बीकेसी

समजा ठाण्याहून निघून सकाळी साडेनऊला वांद्रे-कुर्ला संकुलात पोचायचे आहे. लोकलने कुर्ल्याला उतरा आणि पश्चिमेला बाहेर पडा. बाहेर आल्याआल्या शेअर रिक्षावाले ‘बीकेसी, बीकेसी’ ओरडत अंगावर येतील. त्यांना ओलांडून बसच्या रांगेकडे जा. ३१० नंबर कुर्ला स्टेशन (प.) ते वांद्रे (पू.) असा बीकेसीच्या पोटातून जातो. हा मार्ग नोकरदारांनी भरलेला, त्यामुळे सकाळी रांग लांब दिसली तरी गाड्याही पाठोपाठ येतात. रांग बघून लगेच रिक्षा करू नका, दोन गाड्या जाऊ द्या आणि मग ठरवा.

बीकेसी हा एक थांबा नाही, तो पूर्ण परिसर आहे. आपले ऑफिस भारत डायमंड बोर्सजवळ, एमएमआरडीएच्या कार्यालयाजवळ की कलानगरच्या टोकाला, ते आधी बघून त्या थांब्याचे नाव कंडक्टरला सांगा. ‘बीकेसी’ एवढेच म्हणालात तर तो उलट विचारेल, ‘बीकेसीत कुठे?’ आणि मागे वीस माणसे ताटकळतील.

परतीला मात्र वेगळा विचार करा. संध्याकाळी सहा ते साडेसात बीकेसीतून बाहेर पडणारे रस्ते तुंबतात. त्या वेळी ऑफिस कुर्ल्यापेक्षा वांद्र्याला जवळ असेल तर त्याच ३१० ने उलट दिशेला जाऊन वांद्र्याची लोकल धरणे सोयीचे, भले ठाण्याला जायला पुन्हा दादरला बदलावे लागो. ऑक्टोबर २०२४ पासून बीकेसीला भुयारी मेट्रो ३ चे स्टेशनही आहे आणि एक वर्षाने ती कफ परेडपर्यंत गेली, त्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी बसचा आग्रह सोडावा. बस मेट्रोपर्यंत जाण्यासाठी वापरा.

नुसते भटकायला बस हवी असेल तर हिशेब निराळा. सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचे कलाकेंद्र) जाणारी ए-११५ ही विजेवरची एसी डबलडेकर फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. वरच्या मजल्यावर पहिली सीट मिळाली तर दक्षिण मुंबईच्या जुन्या इमारतींचे सज्जे डोळ्यांच्या पातळीवर येतात. जुन्या डिझेलच्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्यांची हळहळ अजून ऐकू येते. १२३ नंबर आर. सी. चर्चहून ताडदेवला मरीन ड्राइव्हवरून जातो. सांताक्रूझहून २३१ ने जुहू, मालाडहून २७१ ने मढ, बोरिवलीहून २९४ ने गोराई खाडीपर्यंत जाऊन पुढे होडी. रविवारी संध्याकाळी जुहूची परतीची गाडी धरणे मात्र अवघड जाते. सूर्य बुडायच्या आधी निघा.

पावसाळा आणि सणवार

जून ते सप्टेंबरमध्ये एक गोष्ट पाठ असू द्या: हिंदमाता, गांधी मार्केट, शीवचा रोड नंबर २४, मिलन सबवे, अंधेरी सबवे. पाणी तुंबले की बेस्ट या ठिकाणांवरच्या गाड्या वळवते. वळवलेली गाडी आपला थांबा गाळू शकते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी असेल तर पाणी लवकर ओसरत नाही. अशा दिवशी भरतीची वेळ बघून निघा, ती वर्तमानपत्रात आणि महापालिकेच्या सूचनांत येते. लोकल बंद पडली की सगळी गर्दी बसवर येते. तेव्हा स्टेशनसमोरच्या थांब्यावर उभे न राहता दोन थांबे मागे, गाडी जिथून येते त्या दिशेला चालत जा. स्टेशनपर्यंत येता-येता ती भरलेली असते.

गणपतीत लालबाग-परळ भागात गाड्या वळतात, विसर्जनाच्या दिवशी तर आंबेडकर रोड विसराच. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी बेस्ट जादा गाड्या सोडते. त्या दिवशी शिवाजी पार्क-दादर पश्चिमेला नेहमीचे थांबे गृहीत धरू नका.

रात्री

बहुतेक मार्ग मध्यरात्रीच्या आसपास आटपतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. शेवटच्या गाडीचा भरवसा धरू नका, शेवटून दुसरी पकडायची असे ठरवून निघा. शेवटची गाडी वाटेतल्या डेपोत संपणारी असू शकते. पाटीवर ‘आगार’ लिहिलेले असेल तर ती पूर्ण मार्ग जाणार नाही, चढण्याआधी विचारा. गाड्या सुटतात तिथे बेस्टची छोटी चौकी असते आणि आत स्टार्टर, म्हणजे गाड्या सोडणारा कर्मचारी, बसलेला असतो. पुढची गाडी कधी, आज फेरी रद्द आहे का, हे त्याच्याइतके पक्के कोणालाच माहीत नसते, अ‍ॅपलाही नाही.

छत्री, डबा, फाइल गाडीत राहिली तर त्याच चौकीवर जा, किंवा मार्ग जिथे संपतो त्या डेपोत. आता ते तिकीट बाहेर काढा: मार्ग, वेळ आणि तिकिटाचा क्रमांक त्याच्यावर छापलेला असतो आणि त्यावरून गाडी व कंडक्टर शोधता येतो. तिकीट मोबाइलवर असेल तर त्याचा स्क्रीनशॉट दाखवा. आणि जमेल तितके त्याच दिवशी जा, कारण एकदा वस्तू हरवलेल्या सामानाच्या विभागात पाठवली की ती सोडवायला ओळखपत्र आणि अर्ज दोन्ही लागतात.